बेरीज क्षमा करते, वजाबाकी करीत नाही : कावेरीच्या पाण्यावरून संख्यात्मक समाकलन व अवकलनाची ओळख

तंजावर हे नाव मराठी वाचकास भोसले राजघराणे आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांमुळे परिचित आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तेथे मराठी राज्य होते. त्या राज्याचा आधार कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेती हा होता आणि आजही त्या जिल्ह्याची ओळख तीच आहे. कुरुवै, सांबा आणि ताळडि या तेथील भाताच्या तिन्ही हंगामांचे वेळापत्रक मेट्टूर धरणातून पाणी केव्हा सुटते यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. कुरुवै हंगामासाठी १२ जून ही दरवाजे उघडण्याची रूढ तारीख आहे. सोडलेले पाणी काही दिवसांनी कल्लणै येथे पोहोचते. चोळ राजा करिकालाच्या नावाशी जोडलेल्या या प्राचीन बंधाऱ्यावरून ते कावेरी, वेण्णार, ग्रँड ॲनिकट कालवा आणि कोळ्ळिडम या चार वाटांनी विभागले जाते.

या व्यवस्थेत धरणाजवळच्या अधिकाऱ्यापासून पुच्छ भागातील शेतकऱ्यापर्यंत प्रत्येकाला दोन प्रश्न पडतात. आजवर एकूण किती पाणी मिळाले? आणि सध्या पाणी कोणत्या वेगाने वाढत किंवा घटत आहे? पहिल्या प्रश्नाचे गणिती नाव समाकलन, दुसऱ्याचे अवकलन. महाविद्यालयात हे विषय सूत्रांच्या आधारे शिकविले जातात. कालव्यावर व खाचरात मात्र सूत्र नसते, ठरावीक वेळी घेतलेल्या मोजक्या नोंदी असतात. अशा नोंदींवरून उत्तराच्या जवळ जाण्याच्या रीतींना संख्यात्मक पद्धती म्हणतात. महाराष्ट्रातील पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी घेताना याच रीतींची गरज पडते, म्हणून त्यांचा परिचय येथे कावेरीच्या उदाहरणाने करून दिला आहे.

दर आणि साठा

वर्तमानपत्रांत धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये आणि साठा टीएमसीमध्ये छापला जातो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे २८.३ लिटर. हा दर आहे. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. हे आकारमान आहे. दर आणि आकारमान यांना जोडणारा दुवा म्हणजे काळ. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यामुळे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग अखंड २४ तास चालला तर एक टीएमसी पाणी होते. शेताच्या मापात सांगायचे तर एक क्युसेक प्रवाह २४ तास मिळाल्यास सुमारे २,४४७ घनमीटर पाणी मिळते. एक हेक्टर सपाट क्षेत्रावर त्याची खोली जवळजवळ साडेचोवीस सेंटिमीटर भरते.

या बेरजेवर केवढे मोठे प्रश्न उभे असतात हे कावेरीनेच दाखविले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या निकालानुसार कर्नाटकाने तमिळनाडूस वर्षाला १७७.२५ टीएमसी पाणी द्यावयाचे असून त्याचे मापन राज्यांच्या सीमेवरील बिळिगुंडुलु केंद्रावर होते. हे पाणी वर्षभर समान वाहिले असते तर सरासरी विसर्ग सुमारे ५,६२० क्युसेक आला असता. प्रत्यक्षात नदी कधीच समान वाहत नाही, म्हणून दररोजच्या विसर्गाची बेरीज करावी लागते. पाण्याचा वाद दोन राज्यांतला असो वा एकाच चारीवरील दोन शेतकऱ्यांतला, ‘पाणी मिळाले’ या विधानामागे शेवटी अशी एक बेरीज उभी असते.

कालव्याचा छेद : समलंब नियम आणि सिम्प्सनचा नियम

कोणत्याही प्रवाहाचा विसर्ग काढण्यासाठी पाण्याच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि वेग यांचा गुणाकार करतात. छेद वक्र असल्याने त्याची रुंदी समान भागांत विभागून प्रत्येक ठिकाणी खोली मोजली जाते. उदाहरणासाठी ६ मीटर रुंदीची, तळ परवलयाकार असलेली एक मातीची चारी घेऊ. काठापासून दर मीटरला खोली अनुक्रमे ०, ०.५०, ०.८०, ०.९०, ०.८०, ०.५० आणि ० मीटर आहे.

समलंब नियमात शेजारच्या दोन खोलींची टोके सरळ रेषेने जोडली, असे मानतात. दोन खोलींमधला प्रत्येक भाग मग समलंब चौकोन होतो आणि टोकांचे भाग त्रिकोण होतात. कृती सोपी आहे : पहिली व शेवटची नोंद निम्मी घ्यावी, मधल्या सर्व नोंदी पूर्ण घ्याव्यात आणि बेरजेला अंतराने गुणावे. येथे बेरीज ३.५० येते, अंतर १ मीटर आहे, म्हणून क्षेत्रफळ ३.५० चौरस मीटर. या आकाराचे खरे क्षेत्रफळ ३.६० चौरस मीटर आहे. तळ खाली फुगलेला असताना सरळ रेषा त्याच्या वरून जाते, त्यामुळे उत्तर थोडे कमी आले.

नोंदींमधील अंतर बदलल्यास ही चूक पुढीलप्रमाणे बदलते :

• अंतर २ मीटर : क्षेत्रफळ ३.२०, चूक ०.४०
• अंतर १ मीटर : क्षेत्रफळ ३.५०, चूक ०.१०
• अंतर अर्धा मीटर : क्षेत्रफळ ३.५७५, चूक ०.०२५

अंतर निम्मे केले की चूक एक चतुर्थांश होते. वळण सौम्य असलेल्या आकारांत समलंब नियमाचे हे वैशिष्ट्य साधारणपणे टिकून राहते. त्यामुळे मोजणी किती वेळा करावी याचा अंदाज आधीच बांधता येतो. अंतर निम्मे केल्यावर उत्तरात लक्षात येण्याजोगा फरक पडत नसेल, तर त्याहून बारीक मोजणीवर श्रम खर्च करण्याचे कारण उरत नाही.

सिम्प्सनचा नियम सरळ रेषेऐवजी लगतच्या तीन बिंदूंतून जाणारा परवलय वापरतो. अठराव्या शतकातील इंग्लिश गणितज्ञ थॉमस सिम्प्सन यांचे नाव त्यास मिळाले असले, तरी योहान केप्लर यांनी १६१५ मध्ये मद्याच्या पिंपांचे आकारमान काढताना अशाच रीतीचा उपयोग केला होता. कृती अशी : टोकांच्या नोंदी एकपट, दुसरी, चौथी, सहावी या नोंदी चौपट, उरलेल्या मधल्या नोंदी दुप्पट घ्याव्यात, बेरजेला अंतराच्या एक तृतीयांशाने गुणावे. वरील चारीत चौपट गट ७.६० आणि दुप्पट गट ३.२० येतो; बेरीज १०.८०, तिचा एक तृतीयांश ३.६०. म्हणजे त्याच सात नोंदींतून नेमके उत्तर मिळाले, कारण आकारच परवलयाचा होता.

या नियमाच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. भाग समान रुंदीचे आणि त्यांची संख्या सम असणे आवश्यक आहे. अस्तरीकरण केलेल्या कालव्याचा तळ सपाट आणि बाजू सरळ उताराच्या असतात. तेथे कोपरे असल्याने सिम्प्सनचा विशेष लाभ होत नाही. उलट, कोपऱ्यांच्या जागीच खोली मोजल्यास साधा समलंब नियम अचूक उत्तर देतो. आकार कसा आहे हे पाहूनच नियम निवडावा.

वेगाची नोंद प्रवाहमापकाने घेताना पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पटीवर घेतात. खोली अधिक असल्यास ०.२ आणि ०.८ पटीवरील वेगांची सरासरी घेण्याची पद्धत आहे. ही सरासरीदेखील संख्यात्मक समाकलनच होय, कारण उभ्या रेषेवरील असंख्य वेगांच्या जागी मोजून दोन वेग निवडलेले असतात. प्रवाहमापक नसल्यास तरंगत्या वस्तूने पृष्ठभागाचा वेग काढून त्यास सुमारे ०.८५ ने गुणतात.

काळावरील बेरीज : दरवाजा हलला की नोंद

छेदाप्रमाणेच काळाचेही भाग पाडता येतात. दररोज सकाळी आठ वाजता विसर्गाची एकच नोंद होते असे मानू. पहिल्या सकाळी ती १०,००० क्युसेक आणि दुसऱ्या सकाळी १६,००० क्युसेक आहे. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी दुपारी दोन वाजता दरवाजे अधिक उघडून विसर्ग वाढविला गेला. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

पहिल्या सकाळचा विसर्ग दिवसभर टिकला असे धरल्यास हिशेब ०.८६४ टीएमसी होतो. समलंब नियमाने दोन्ही सकाळींची सरासरी १३,००० घेतल्यास १.१२३ टीएमसी. वास्तवात सहा तास १०,००० आणि अठरा तास १६,००० असा प्रवाह होता. त्याचे २४ तासांचे मध्यमान १४,५०० क्युसेक आणि एकूण पाणी १.२५३ टीएमसी. पहिल्या आणि तिसऱ्या उत्तरांत जवळजवळ ०.३९ टीएमसीचा फरक आहे. उपकरण निर्दोष असूनही हा फरक पडला, कारण प्रवाह अचानक बदललेल्या क्षणी नोंद झाली नाही. जेथे आलेखात पायरी असते तेथे कोणताही नियम, सिम्प्सनचा असला तरी, फसतो. उपाय सोपा आहे : दरवाजा हलविला की त्या क्षणाची वेळ आणि आधीचा व नंतरचा विसर्ग नोंदवावा आणि बेरीज तेथे तोडून दोन भागांत करावी.

दुसरी दक्षता फ्ल्यूम आणि बांधाऱ्यावरील पाण्याच्या उंचीबाबत घ्यावी लागते. आयताकृती तोंडावरून पडणाऱ्या पाण्याचा विसर्ग उंचीच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतो. एक मीटर रुंद तोंडावर उंची १० सेंटिमीटर असताना विसर्ग सेकंदाला सुमारे ५८ लिटर, तर ३० सेंटिमीटर असताना सुमारे ३०२ लिटर असतो. या दोन विसर्गांची सरासरी १८० लिटर आहे. मात्र आधी उंचींची सरासरी, म्हणजे २० सेंटिमीटर काढून तिच्यावरून विसर्ग काढला तर १६५ लिटरच येतात. सुमारे नऊ टक्के पाणी कागदावर नाहीसे होते. म्हणून प्रत्येक उंचीचे प्रथम विसर्गात रूपांतर करावे आणि सरासरी त्यानंतरच काढावी.

खाचरातील वजाबाकी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. भातास आलटून पालटून ओले व कोरडे ठेवण्याच्या पद्धतीत खाचरात सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची छिद्रे पाडलेली नळी बसवितात. तिचा खालचा निम्मा भाग जमिनीत असतो. नळीतील पाणी जमिनीच्या पातळीखाली १५ सेंटिमीटर गेले की पुन्हा पाणी द्यावे, अशी आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची शिफारस आहे. मात्र फुलोऱ्याच्या सुमारे एक आठवडा आधीपासून एक आठवडा नंतरपर्यंत खाचरात पाणी उभे ठेवावे लागते. ज्याला कालव्याची पाळी सांभाळून पाणी घ्यायचे आहे, त्याला केवळ आजची पातळी पुरत नाही. ती किती वेगाने उतरत आहे हेही कळावे लागते.

समजा, सलग सहा सकाळच्या नोंदी जमिनीच्या वर ५.०, ३.८, २.७, १.७, ०.८ आणि ०.० सेंटिमीटर आहेत. २.७ ची नोंद झाली त्या तिसऱ्या सकाळी उतरण्याचा वेग किती? पुढच्या नोंदीशी तुलना केल्यास दिवसाला १.० सेंटिमीटर आणि मागच्या नोंदीशी केल्यास १.१ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंच्या नोंदी घेऊन, म्हणजे ३.८ मधून १.७ वजा करून दोन दिवसांनी भागल्यास १.०५ सेंटिमीटर येते. या शेवटच्या रीतीस मध्य फरक म्हणतात. पुढचा फरक घटत्या वेगाला कमी दाखवितो, मागचा फरक अधिक दाखवितो, तर मध्य फरकात हे दोन्ही दोष एकमेकांस कापतात. अंतर निम्मे केल्यास एकतर्फी फरकाची चूक निम्मी होते, मध्य फरकाची मात्र एक चतुर्थांश. अर्थात मध्य फरकासाठी पुढची नोंद हाती यावी लागते, म्हणून तो कालचा वेग सांगतो. आजचा निर्णय मागच्या फरकावरच घ्यावा लागतो.

एखाद्या क्षणीचा वेग ही कल्पना भारतीय परंपरेला नवी नाही. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखामुळे महाराष्ट्राशी ज्यांचे नाते स्पष्ट होते, त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांच्या ‘तात्कालिक गती’चा विचार केला आहे. दिवसाच्या सरासरी गतीवर समाधान न मानता त्या क्षणाची गती शोधण्याची गरज त्यांना ग्रहगणितात भासली. पाण्याच्या हिशेबातही तीच भासते.

नोंदी फार जवळ घेण्याचा तोटा

छेद मोजताना अंतर जितके लहान तितके उत्तर चांगले, असे आढळले. वेग काढताना हा नियम लागू पडत नाही. नळीतील मापपट्टी अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत वाचली जाते असे धरल्यास प्रत्येक नोंदीत पाव सेंटिमीटरपर्यंत चूक राहू शकते आणि दोन नोंदींच्या वजाबाकीत ती अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत जाते. ही चूक काळाने भागली जाते :

• सहा तासांच्या अंतरावर : दिवसाला २ सेंटिमीटरपर्यंत चूक
• एका दिवसाच्या अंतरावर : ०.५ सेंटिमीटरपर्यंत
• दोन दिवसांच्या अंतरावर : ०.२५ सेंटिमीटरपर्यंत

खरा वेगच दिवसाला एक सेंटिमीटरच्या आसपास असताना सहा तासांनी केलेली वजाबाकी पाणी उतरत आहे की चढत आहे हेदेखील खात्रीने सांगू शकत नाही. उलट, अंतर फार वाढविल्यास मध्ये पाऊस येतो, पिकाची अवस्था बदलते आणि सरासरी वेगाला अर्थ राहत नाही. म्हणून वेगासाठी मध्यम अंतरच योग्य. वरील उदाहरणात ते एक ते दोन दिवस आहे.

बेरीज आणि वजाबाकी यांचा हा स्वभावभेद पुढील दोन वाक्यांत सामावतो. वाचनातील कमी-अधिक चुका बेरजेत एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात, पण वजाबाकीत मोठ्या होतात. याउलट मापपट्टीचा शून्यच चुकीच्या जागी असेल, तर ती कायमची चूक वजाबाकीत नाहीशी होते, पण बेरजेत दररोज साचत जाते. दीड घाताच्या तोंडावर १० सेंटिमीटरऐवजी सतत ११ सेंटिमीटर वाचले गेले, तर हिशेबात सुमारे १५ टक्के पाणी अधिक दिसते. पट्टीशी गाळ साचणे अथवा पट्टी खचणे यांतून अशी चूक उद्भवते. कितीही नोंदी वाढविल्या तरी ती कमी होत नाही. तिच्यावर शून्य तपासणे हाच उपाय आहे.

पुढचा अंदाज कोठवर करावा

तिसऱ्या सकाळी पातळी २.७ आणि वेग १.०५ असताना सरळ रेषेने अंदाज केल्यास खाचर अडीच दिवसांत कोरडे पडेल असे वाटते. प्रत्यक्षात त्यास तीन दिवस लागले, कारण वेग दररोज ०.१ ने घटत होता. फरकांचा फरक पाहिल्यास हे आधीच ध्यानात येते. अर्ध्या दिवसाचा हा भेद क्षुल्लक वाटला, तरी याच घाईपायी वरच्या भागातील शेतकरी पाळीआधी पाणी घेतो आणि चारीच्या शेवटच्या खाचरापर्यंत ते पोहोचत नाही.

पाणी जमिनीच्या पातळीखाली गेल्यावर आणखी एक बदल घडतो. वर उभ्या असलेल्या पाण्यात एक सेंटिमीटर पाणी कमी झाले की पातळी एक सेंटिमीटर उतरते. जमिनीत मात्र पाणी मातीच्या पोकळ्यांतच असते, म्हणून तेवढेच पाणी कमी झाले तरी पातळी कितीतरी अधिक उतरते. वरचा वेग खाली लावून ‘१५ सेंटिमीटर उतरण्यास पंधरा दिवस आहेत’ असा निष्कर्ष काढणे पिकास घातक ठरू शकते. पृष्ठभाग ओलांडल्यावर जुन्या नोंदी बाजूस ठेवून नव्याने वेग काढावा.

क्षेत्रीय कार्यासाठी सूचना

१. विसर्गाची नोंद ठरावीक वेळी घ्यावी. दरवाजा हलविल्यास त्या क्षणाची स्वतंत्र नोंद करावी.
२. उंचीचे आधी विसर्गात रूपांतर करावे, सरासरी नंतर काढावी.
३. एकूण पाण्यासाठी समलंब नियम पुरेसा आहे. मातीच्या वक्र चारीचा छेद काढताना, भाग समान व सम संख्येत असल्यास, सिम्प्सनचा नियम वापरावा.
४. प्रत्येक आवर्तनापूर्वी मापपट्टीचा शून्य तपासावा व तिच्याजवळचा गाळ काढावा.
५. खाचरातील पातळी दररोज त्याच वेळी वाचावी. वेग एक ते दोन दिवसांच्या फरकाने काढावा. पाऊस पडल्यास तेथून नवी मालिका सुरू करावी.
६. पाणी जमिनीखाली गेल्यावर आधीचा वेग वापरू नये.
७. पाणीवापर संस्थेच्या नोंदवहीत विसर्ग, वेळ आणि एकूण घनमीटर हे तीन रकाने शेजारी ठेवावेत, म्हणजे कोणत्याही सभासदास ती बेरीज स्वतः पडताळता येईल.

या सर्व कृतींना वही, पेन्सिल आणि साधा गणकयंत्र पुरतो. शेवटच्या खाचराच्या मालकाने आपल्या वाट्याचे पाणी मागताना त्याच्या हाती तक्रारीबरोबर हिशेबही असला, तर पाणी वाटणाऱ्यालाही त्याचे उत्तर हिशेबानेच द्यावे लागते.